साधारण चाळीस

जगात मला दोन गोष्टींचा राग येतो. एक बोथट कानस आणि दुसरा 'साधारण' हा शब्द. किती वाजले? साधारण पाच. किती लांब आहे? साधारण हातभर. अरे, पाच म्हणजे पाच, आणि हात म्हणजे नक्की कोणाचा? आमच्या काजलला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाची उंची 'साधारण पाच फूट आठ इंच' असल्याचं तिच्या मावशीने सांगितलं होतं. मी चहा यायच्या आत मुलाला दाराच्या चौकटीला उभा करून मापला. पाच सात निघाला. लग्न झालं, संसार सुखाचा आहे, पण जावई अजून त्या चौकटीत रेंगाळत नाही, सटकन आत येतो.

मी छगन पाटील, राहणार कोरीट, तालुका नंदुरबार. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना लेथचं काम शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून एक व्हर्नियर घेतलं, ते अजून माझ्याकडे आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, व्हर्नियर म्हणजे दोन जबडे असलेली पोलादी मोजपट्टी. वस्तू जबड्यात धरायची आणि मिलिमीटरचा पन्नासावा भागसुद्धा वाचायचा. दरवर्षी पहिल्या दिवशी पोरांना माझा पहिला धडा हाच असे, की आधी रिकामे जबडे मिटवा, शून्यासमोर शून्य येतं का ते बघा, मगच मापाला हात घाला. जो शून्य बघत नाही तो वस्तू मापत नाही, स्वतःची अक्कल मापतो. हे वाक्य मी स्वतः तयार केलेलं आहे आणि मला ते फार आवडतं.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी नाद लागतो. मला लोकांच्या होड्यांचे पंखे मापायचा लागला, आणि तो लावला सुभाषशेठनी.

सुभाषचंद शेठ म्हणजे नंदुरबारचे कापडवाले. आजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासूनचं दुकान. त्या दुकानाची एक रीत आहे. कापड मापताना प्रत्येक मीटरच्या टोकाला अंगठा आडवा ठेवायचा आणि पुढचं माप अंगठ्याच्या पलीकडून धरायचं. अंगठ्याएवढं कापड गिऱ्हाइकाचं. आजोबांनी अंगठा सोडला, वडिलांनी सोडला, शेठनीही जन्मभर सोडला. मी त्यांना अनेकदा सांगितलं, की शेठ, तुमचा मीटर एक हजार बावीस मिलिमीटरचा आहे. ते हसतात आणि म्हणतात, "सर, कापड धुनारं ऱ्हास, आटनारं ऱ्हास. अंगठा सोडा तं मानूस परत येस." माणूस परत येतो म्हणून चुकीचं माप, हे मला कधी पटलं नाही. तरी ते माझे जिवलग मित्र.

दुकान मुलाच्या, मयंकच्या हाती गेलं आणि शेठ मोबाईलवर छोट्या होड्या बघू लागले. बॅटरीवर चालणाऱ्या, रिमोटवर वळणाऱ्या, मागे पितळी पंखा फिरणाऱ्या. मग स्वतः बनवू लागले. मग इतरांनाही बनवायला लावू लागले. दोन वर्षांपूर्वी आमचं नौका मंडळ झालं, होडीवाले नऊ आणि बिनहोडीचा मी. समुद्र नाही, तापी नाही, तर कोरीटच्या फत्तेसिंगचं शेततळं. प्लॅस्टिक अंथरलेलं, बारा फूट खोल, चारी बाजूंनी तारेचं कुंपण. प्लॅस्टिकवर पाय ठेवला की माणूस थेट तळाशी, म्हणून दोराशिवाय पाण्यात कोणी उतरायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम.

दुसरा नियम फत्तेसिंगमुळेच करावा लागला. गेल्या वर्षी त्याने होडीला टेबलफॅनचं पातं कापून लावलं. होडी पाण्यावर चाललीच नाही. ती पाण्यातून उडाली, कुंपण ओलांडून कापसात गेली आणि तिथेही दोन सऱ्या चालली. तेव्हा ठरलं, पंख्याचा व्यास चाळीस मिलिमीटर, एक केसही जास्त नको, आणि मापणार कोण, तर मी.

पंखा मापणं वाटतं तितकं सोपं नसतं. दोन पात्यांचा असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत धरा, झालं. पण तीन पात्यांचा असला तर समोरासमोर टोकं येतच नाहीत. भलतीकडे धरलं की पाच-सहा मिलिमीटर कमी भरतात आणि चोर सुटतो. तिथे मधल्या दांड्यापासून एका पात्याच्या टोकापर्यंत माप घ्यायचं, दांड्याची अर्धी जाडी वजा करायची आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करायची. अख्ख्या जिल्ह्यात हे किती जणांना येतं माहीत नाही. मला येतं.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा असते. आमची मंडळी, म्हणजे सुंदरबाई, त्या दिवशी घरातलं एकही यंत्र सोडत नाही. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, मिक्सर, मोबाईलचा चार्जर, आणि माझं व्हर्नियर. यंदाही तिने पूजा केली, मी नारळ फोडला, आणि व्हर्नियर पेटीत गेलं. पाठीवर कुंकू होतं ते मी तसंच राहू दिलं. देवाचं कुंकू पुसायचं नसतं. दिवाळीत पेटी उघडली तर आत चार मुंग्या फिरत होत्या. हवामान बदललं आहे, मुंग्या कुठेही शिरतात, असं म्हणून मी त्या फुंकून टाकल्या.

दिवाळीनंतरच्या रविवारी शर्यत होती. तळ्याच्या बांधावर मांडव, सावलीत चुलाण, सुंदरबाई आणि चार बायका पुरणपोळ्यांच्या तयारीत. दोधूने माईक लावलेला. दोधूचं जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या बॅटऱ्या आणि गावची भांडणं दोन्ही तोच जोडतो. शेठच्या पत्नी लाडकंवरभाभी नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर खाखऱ्याचा डबा. शेठनी आपल्या होडीला प्रेमाने 'लाडकंवर' नाव दिलं आहे. प्रेम खरं, पण होडी दोन वर्षांत सहा वेळा बुडाली, आणि प्रत्येक वेळी दोधू माईकवरून ओरडतो, "लाडकंवर बुडनी." भाभी प्रत्येक वेळी एक खाखरा मोडतात.

मी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, चष्मा पुसला, पेटी उघडली. माप सांगताना मी पुस्तकी मराठीत बोलतो. ते काम सरकारी आहे असं मला वाटतं.

पहिला दोधू. दोन पात्यांचा पंखा. जबडे लावले, वाचलं. "चाळीस पूर्णांक पाच. अपात्र."

"आरे सर, पाकिटवर चाळीस लिखेल शे," दोधू म्हणाला.

"पाकिटावर काहीही लिहितात. पुढचा."

पुढचा फत्तेसिंग. त्याच्यावर माझी आधीपासून नजर होती. चाळीस पूर्णांक पाच. मला मनातून बरं वाटलं. तिसरा, चाळीस पूर्णांक पाच. चौथा, पाचवा, सहावा, सगळे चाळीस पूर्णांक पाच. आठव्या माणसापर्यंत मी उभा राहून मापत होतो. इतकी चोरी एका जागी मी नोकरीतसुद्धा पाहिली नव्हती.

"बठास्ना अर्धाच मिलिमीटर कसा काय जास्त शे, सर?" फत्तेसिंगने डोकं खाजवत विचारलं.

प्रश्न चांगला होता. माझ्या वर्गातल्या पोराने विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. पण विचारणारा फत्तेसिंग होता, म्हणून मी म्हणालो, "सगळ्यांनी एकाच दुकानातून मागवले. तिथेच चोर आहे. मी त्यांना पत्र लिहिणार आहे."

शेवटी सुभाषशेठ आले. नवीन तीन पात्यांचा पंखा, लखलखीत पितळेचा, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला. तो तुकडाही अंगठ्याएवढा जास्तच असणार. मी दांड्यापासून टोकापर्यंत धरलं, वजाबाकी केली, दुप्पट केली. परत धरलं. परत दुप्पट केली.

"एक्केचाळीस."

फोडणी टाकणाऱ्या बाईचाही हात थांबला.

"बाकीस्ना अर्धा आनि मन्हा एक?" शेठनी विचारलं.

"आकडा आहे, शेठ. मी फक्त वाचतो."

"म्हंजे बठा चोर, आनि मी डबल चोर?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. ओठांवर आलेलं वाक्य गिळता येत नाही, हा आमच्या घराण्याचा दोष आहे. मी म्हणालो, "जन्मभर अंगठा सोडला शेठ, त्यातला थोडा पंख्यावर चढलेला दिसतो."

लोक हसले. शेठ नाही हसले. त्यांनी पंखा हळूच मखमलीत गुंडाळला. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला ते दिसत होतं, आणि तरीही मी चष्मा नाकावर चढवून बसलो होतो.

"सर," ते म्हणाले, "तीन पिढ्या झायात, मन्हा दुकानना मापवर कोनी बोट दखाडं नही. तुम्हीन आज बठा गावमा दखाडं. तुमनं व्हर्नियरच चुकी ऱ्हायनं व्हई तं?"

मग मात्र माझं डोकं सणकलं. "हे व्हर्नियर? हे व्हर्नियर चुकलं असं कोणी सिद्ध केलं तर याच तळ्यात फेकीन. आणि पुन्हा कधी कुणाचा पंखा मापणार नाही."

दोधूने माईक तोंडाशी नेला आणि ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांच्यासाठी जाहीर केलं, "सर व्हर्नियर तयामा फेकनार शेतस, चुकनं तं."

शर्यत रद्द करण्यापेक्षा पंखे कानशीने घासून कमी करायचे ठरलं. कानस एकच होती, माझी. नऊ जणांनी बांधावर रांग लावून घासाघास केली. पितळ मऊ असतं, आणि रागात घासलं तर जास्तच मऊ लागतं. शेठनी सर्वांत जास्त रागात घासलं. दोन पाती जेमतेम उतरली आणि तिसरं भलतंच उतरलं. मी परत मापलं, चालेल म्हणून सांगितलं, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता पंखा होडीला बसवला.

शर्यत सुरू झाली, पण तिला शर्यत म्हणणं कठीण होतं. पात्यांची टोकं लहानमोठी झाल्यामुळे नऊच्या नऊ होड्या हिवताप आल्यासारख्या थरथरत होत्या. दोधूची होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली. फत्तेसिंगची बांधाला धडकत धडकत तळ्याला प्रदक्षिणा घालून आली. 'लाडकंवर' सर्वांत जास्त थरथरत होती, इतकी की तिच्यावरचा छोटा तिरंगा सुटून पाण्यात पडला. ती अर्ध्या वाटेवर थांबली, बुडाली मात्र नाही. शेठनी तिला कशीबशी परत आणली. बक्षीस कोणालाच द्यायचं नाही असं मी जाहीर केलं. पुरणपोळी लोक माझ्याकडे पाठ करून खायला बसले.

तेवढ्यात लाडकंवरभाभी खुर्चीवरून उठल्या. दोन वर्षांत त्यांना मी प्रथमच उठताना पाहिलं. त्यांनी कमरेच्या बटव्यातून दहाचं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"छगनभाऊ, हाई नानं मापी दखा."

मला हसू आलं. दहाच्या नाण्याचा व्यास सत्तावीस मिलिमीटर, हे मीच पोरांना शिकवत असे. व्हर्नियर तपासायचं असेल आणि जवळ काही नसेल तर खिशातलं दहाचं नाणं मापा, असं सांगत असे. शेठच्या घरी मीच एकदा चहा पिताना ही गोष्ट सांगितली होती, आणि भाभी ऐकत होत्या हे मला माहीत नव्हतं.

मी नाणं धरलं. सत्तावीस पूर्णांक पाच.

"नाणं खोटं आहे," मी म्हणालो.

भाभींनी दुसरं नाणं ठेवलं. सत्तावीस पूर्णांक पाच. फत्तेसिंगने स्वतःच्या खिशातलं ठेवलं, दोधूने ठेवलं. टेबलावर नाण्यांची रांग लागली आणि प्रत्येक नाणं अर्ध्या मिलिमीटरने मोठं निघालं. माझ्या तोंडून निघालं, की आजकाल खोटी नाणी फार सुटली आहेत. पण ते बोलताना आतून कोणीतरी माझ्याच आवाजात विचारत होतं, शून्य बघितलं का?

मी जबडे मिटवायला लागलो. ते मिटेनात. टोकाशी येऊन थांबले. चष्मा काढून जवळून बघितलं, तर दोन्ही जबड्यांच्या आतल्या बाजूला काहीतरी पिवळट तपकिरी थर वाळून बसलेला. बाजूने एक मुंगी चालत होती, निवांत.

सुंदरबाई हात पुसत आली. तिने वाकून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "तो गूय शे. दसराले मीच लावा."

"गूळ?"

"हयद-कुंकू लायं, तवय यान्हं तोंड उघडं दखायनं. बाराही महिना बिचारं दुनियानं मापस, यान्हं तोंड कोन गोड करस? म्हनीसन जराखा लावा. निवद कोनी पुसस का?"

नैवेद्य पुसायचा नसतो, हे मलाही मान्य होतं. जबडे थोडे उघडे ठेवूनच व्हर्नियर पेटीत ठेवावं, हाही माझाच नियम. म्हणजे तोंड मी उघडं ठेवलं, तिने त्यात गूळ घातला, आणि त्या अर्ध्या मिलिमीटरच्या गुळाने मी आठ माणसांना चोर केलं. शेठच्या पंख्याला दुप्पट करायची पद्धत, म्हणून गूळही दुप्पट झाला. पद्धत बरोबर होती, हिशेब बरोबर होता, फक्त शून्य बघितलं नव्हतं. एकतीस वर्षं जे पहिल्या दिवशी सांगितलं, तेच मी केलं नव्हतं.

लाज म्हणजे काय ते पोरांच्या तोंडावर खूप पाहिलं होतं, स्वतःला प्रथमच कळलं. मी शेठसमोर गेलो. पुस्तकी मराठी तोंडात येईना.

"शेठ, मन्ही चूक शे. तुमना पंखा चाळीसच व्हता."

दोधूचा माईक चालू होता, त्यामुळे माझं वाक्य तळ्यापलीकडच्या कापसापर्यंत गेलं, आणि ते बरंच झालं.

मग मी तळ्याच्या कडेला गेलो. शेठ मागून म्हणाले, "सर, ऱ्हाऊ द्या." बाकीचेही म्हणाले. पण छगन पाटलाने शब्द दिला होता, आणि माप तर गेलंच होतं, निदान शब्द तरी पुरा भरावा. मी डोळे मिटले आणि फेकलं.

डुबुक असा आवाज आला, आणि त्याच क्षणी मला पस्तावा झाला. चौतीस वर्षं जे खिशाशी होतं ते बारा फूट पाण्याखाली गेलं होतं, गुळासकट. माझे डोळे भरून आले. ते कोणाला दिसू नये म्हणून मी तसाच पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो.

"किती खोल शे रे?" मागे शेठनी विचारलं.

"साधारण बारा फूट," फत्तेसिंग म्हणाला.

मी काही बोललो नाही. ह्या शब्दावर गप्प बसण्याची माझी ही पहिलीच वेळ.

थोड्या वेळाने पाठीमागे खुडबूड ऐकू आली. वळून पाहिलं, तर दोधूने आपला लाऊडस्पीकर उघडला होता आणि त्यातलं जाड गोल चुंबक सोडवत होता. चुंबक व्हर्नियरजवळ नेणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढत असे. पण त्या क्षणी मी कोणालाही बाहेर काढण्याच्या जागी नव्हतो. शेठनी चुंबकाला पंधरा फूट सुतळी बांधली, सुतळीचं दुसरं टोक 'लाडकंवर'च्या मागच्या कडीला, आणि रिमोट हातात घेतला.

होडी थरथरत निघाली. तळ्याच्या मध्यावर आली, चुंबक तळाला घासू लागलं. पात्यांच्या फरकामुळे ती सारखी हेलकावत होती आणि चुंबकही तळाशी इकडून तिकडे झाडू मारत होतं. सरळ चालणाऱ्या होडीला हे जमलंच नसतं. पहिल्या फेरीत सुतळी जड लागली. शेठनी होडी परत आणली, आम्ही सगळे वाकलो. चुंबकाला एक लोखंडी उलथनं चिकटलेलं होतं.

"मन्हं उलथनं," सुंदरबाई म्हणाली. गेल्या वर्षीच्या शर्यतीत ते हरवलं होतं, आणि त्यावरून ती माझ्या वहिनीशी आजपर्यंत बोलत नव्हती. तिने उलथनं पदराला पुसलं आणि वहिनी कुठे आहे ते बघायला गेली.

दुसऱ्या फेरीत काही नाही. तिसऱ्या फेरीत सुतळी परत ताणली, आणि होडीचा मागचा भाग खाली जाऊ लागला. पाणी काठाला लागलं. दोधूचा लाऊडस्पीकर मोडलेला, तरी सवयीने त्याने तोंड उघडलं, "लाडकंवर बुड..."

"बुडनी तं घरमा पाय ठेवू नका," लाडकंवरभाभी शेठना म्हणाल्या. त्या काठावर येऊन उभ्या होत्या आणि खाखऱ्याचा डबा त्यांनी घट्ट धरला होता.

शेठचा अंगठा रिमोटच्या बटणावर होता. तो तसूभर हलला नाही. होडी अर्धी पाण्याखाली, थरथर कापत, तिरकी होऊन, वीतवीत पुढे येत राहिली. काठाला लागली तेव्हा फत्तेसिंगने दोर धरून हात घातला आणि सुतळी ओढली. चुंबकाच्या कडेला मागच्या शेपटीसारख्या पट्टीने लटकलेलं माझं व्हर्नियर वर आलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाभींनी होडी स्वतःच्या हाताने उचलली आणि पदराने पुसली. मी व्हर्नियर पाण्यात खळखळून धुतलं. गूळ बराचसा विरघळून गेला होता, उरलेला मी नखाने काढला, आणि देवाची क्षमा मागितली. जबडे मिटवले. शून्यासमोर शून्य.

त्याच संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. व्हर्नियर परत मिळालं, पण मी दिलेल्या शब्दाचा दुसरा भाग तसाच उभा होता, तो फत्तेसिंगच्या बरोबर लक्षात राहिला. पंखे मी मापायचे नाहीत. नवीन मापणारे सुभाषशेठ, आणि माप कापडाच्या टेपने. मंडळात राहायचं तर मलाही होडी बनवावी लागेल, असंही ठरलं. मी मान हलवली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पुढची शर्यत ठेवली. मी दोन महिने खपलो. होडी जेमतेम जमली, पण पंखा मात्र खांडबाऱ्याच्या जुन्या विद्यार्थ्याच्या लेथवर जाऊन स्वतः काढला. तीन पाती, पितळ, चाळीस मिलिमीटर. घरी येऊन शून्य बघितलं, परत बघितलं, मग मापलं. चाळीस पूर्णांक शून्य आठ. शेवटचा कट देताना हात हलला असणार. आठ शतांश मिलिमीटर म्हणजे केसाएवढं, आणि एक केसही जास्त नको हा नियम मीच सांगत फिरलो होतो. घासायला कानस घेतली, पण त्या दिवशीच्या थरथरत्या होड्या आठवल्या आणि हात थांबला.

शर्यतीच्या दिवशी शेठ टेबलाशी बसले होते, गळ्यात पिवळा टेप. मी रांगेत नववा उभा राहिलो. माझी पाळी आली. मी पंखा ठेवला आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं.

"शेठ, आठ शतांश जास्त शे. अपात्र करा."

शेठनी पंखा उचलला, सूर्याकडे धरला, मग टेपवर ठेवला. टेपवर चाळीसच्या रेघेच्या पुढे पात्याचं टोक आलं होतं की नाही, ते देवालाच ठाऊक. त्यांनी सवयीप्रमाणे टोकाशी अंगठा आडवा ठेवला. जाडजूड, कात्रीने घट्टे पडलेला, तीन पिढ्यांचा अंगठा. त्याखाली माझे आठ शतांश पार दिसेनासे झाले.

"साधारण चाळीस," ते म्हणाले. "पास."

जन्मभर मी दुसऱ्यांना केसाचीही सूट दिली नाही, आणि मला स्वतःला ती लागेल असं कधी वाटलं नव्हतं. "साधारण चाळीसच शे, शेठ," मी म्हणालो, आणि होडी घेऊन पाण्याकडे गेलो.